परमुलखातला पाणवठा

दसरा उलटला की आमच्या सिरसाळ्याच्या रस्त्यावर एक वेगळीच वर्दळ सुरू होते. परळीहून तेलगाव, वडवणीमार्गे बीडकडे जाणारा हा रस्ता एरवी तसा सुस्तच. पण त्या दिवसांत ट्रक आणि ट्रॅक्टर ओळीने उभे राहतात. त्यांत भांडीकुंडी चढतात, बाजरीची पोती चढतात, शेळ्या चढतात, गोधडीत गुंडाळलेली तान्ही लेकरे चढतात आणि सर्वांत शेवटी कोयते घेतलेली माणसे चढतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. या गावाच्या परिसरात मी बत्तीस वर्षे मास्तरकी केली. दिवाळीनंतर अर्धा वर्ग रिकामा होणे म्हणजे काय, हे मला हजेरीपटाने शिकवले.

त्याच हजेरीपटातल्या एका मुलीची ही हकिकत. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. ही आजीजवळ राहिली आणि शिकली. पुढे नर्सिंग केले, जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी लागली, घराला पत्र्याऐवजी स्लॅब पडला. आता लग्नाचे पाहायचे, एवढेच बाकी होते. आणि अशा वेळी ती एक दिवस पेढे घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, आफ्रिकेत चालले. मलावी नावाचा देश आहे. दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून. पगार नाही, खर्चापुरते पैसे मिळतील."

मला अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे. मी तिला भरभरून आशीर्वाद दिले आणि वर डॉ. कोटणीसांची गोष्टही ऐकवली. तिची आई मात्र ओसरीवर बसून गव्हातले खडे काढत होती. ती मान वर न करता एवढेच म्हणाली, "गुरुजी, तिकडल्या लेकरांची सेवा करायला चालली म्हनं. मंग हितं आमचं कुनी पाहायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी चहा संपवला आणि उठलो.

"मी चुकले का, गुरुजी?"

तीन महिन्यांनी एका रात्री तिचा फोन आला. आवाज पडलेला होता. तिकडे संध्याकाळ होती. आपल्यापेक्षा मलावीचे घड्याळ साडेतीन तास मागे असते. ती ज्या आरोग्य केंद्रात होती, तिथल्या नर्स आपापल्या कामात तरबेज होत्या. हिला तिथली चिचेवा भाषा येत नव्हती. बाया लेकरे घेऊन यायच्या आणि हिच्यासमोरून दुसऱ्या रांगेत जायच्या. मलेरियाच्या गोळ्या कशा घ्यायच्या, हे सांगायलाही मध्ये कोणीतरी दुभाषा लागायचा, आणि दुभाष्याला पकडायचे म्हणजे कामात असलेल्या एखाद्या नर्सलाच उठवायचे. मक्याच्या पिठाचे 'न्सिमा' नावाचे घट्ट उकडलेले अन्न तिच्या घशाखाली उतरत नव्हते. भेटणारा प्रत्येक माणूस 'मुली ब्वांजी' म्हणायचा, आणि पहिले चार दिवस हिला वाटले की आपल्याला मुली म्हणताहेत! त्याचा अर्थ फक्त 'कशा आहात' एवढाच आहे, हे नंतर कळले. हे सांगताना ती हसली आणि हसता हसता रडू लागली.

"गुरुजी, इथं माझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. उलट माझ्यामुळंच त्यांचं अडतंय. मी चुकले का? परत येऊ का?"

तिला तेव्हा मी जे सांगितले ते अगदी पुस्तकी होते. धीर धर, सगळे ठीक होईल, वगैरे. फोन ठेवल्यावर मात्र झोप लागली नाही, कारण तिने जे वर्णन केले होते ते मी स्वतः एकदा अनुभवले होते. तेही परदेशात नव्हे, घरापासून काही तासांच्या अंतरावर.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट मराठवाडा विसरणार नाही. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंपाने हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. आम्ही काही शिक्षक मिळेल त्या वाहनाने मदतीला निघालो. मनात भावना होती, हातात फावडी होती. पण तिथे पोचल्यावर काय करायचे ते ठाऊक नव्हते. कुठल्या ढिगाऱ्याखाली कोणाचे घर होते, हे गावकऱ्यांनाच माहीत. लष्कराचे जवान शिस्तीने काम करत होते आणि आमच्यासारखी शेकडो माणसे त्यांच्या वाटेत उभी होती. दुपारी तहानेने जीव कासावीस झाला, तेव्हा ज्याच्या घरातली माणसे गेली होती अशा एका म्हाताऱ्यानेच आम्हाला कळशीतले पाणी दिले. सेवा करायला गेलेल्यांनी पहिल्या दिवशी सेवा करून घेतली! ती लाज मी तीस वर्षे मनात ठेवली आहे. त्या रात्री पहिल्यांदा वाटले की ही केवळ आपली चूक नसेल. परक्या ठिकाणी सेवेला जाणाऱ्या प्रत्येकाला बहुधा याच दारातून आत जावे लागत असेल.

जे गेले आणि जे आले

मग मी कोटणीसांची गोष्ट पुन्हा वाचायला घेतली. या वेळी हुतात्म्याची म्हणून नव्हे, तर परक्या देशात रुळणाऱ्या एका तरुणाची म्हणून.

द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. जन्म १९१०. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चीनने भारताकडे डॉक्टर मागितले आणि १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि अठ्ठावीस वर्षांचे कोटणीस. चित्रपटामुळे आपल्याला त्यांचा मृत्यू आणि त्यांचे लग्न आठवते. व्ही. शांताराम यांनी तो १९४६ साली काढला होता. पण मधली वर्षे आपण सोडून देतो. हा तरुण निघाला तेव्हा त्याला चिनी भाषा येत नव्हती. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. सहकारी म्हणाले, परत जा. तो गेला नाही. पथकातले बाकीचे एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस मात्र चिनी बोलायला शिकले, वाचायला शिकले आणि पुढे त्याच भाषेतून वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली त्यांच्याकडे आले. तिथल्याच परिचारिका शिक्षिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलगा काही महिन्यांचा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या आजाराने कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस.

पाचही डॉक्टर कुशल होते, पाचही निष्ठेने गेले होते. जे परतले त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. प्रकृती, घर, देश यांची ओढ खरीच असते. पण जो राहिला, त्याने आधी विद्यार्थी व्हायचे कबूल केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच्या उलट दिशेनेही माणसे आली आहेत, आणि ती आपल्या फार जवळ राहिली आहेत. अमेरिकेच्या मिनियापोलिस शहरात १९४१ साली जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट महात्मा फुले यांच्या चळवळीवर संशोधन करायला महाराष्ट्रात आल्या. १९७३ साली बर्कलेच्या विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. एवढ्यावर त्या अमेरिकेत सुखाने प्राध्यापकी करू शकल्या असत्या. पण त्यांनी भारत पाटणकरांशी लग्न केले, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात सासू इंदुताईंच्या घरात संसार मांडला, १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले. दुष्काळग्रस्तांच्या पाण्यासाठी, परित्यक्ता स्त्रियांच्या हक्कासाठी होणाऱ्या मेळाव्यांत त्या मराठीतून भाषणे करत. २५ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांनी अखेरचा श्वास घेतला तो कासेगावातच.

फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांची वाट आणखी बोलकी आहे. त्याही अमेरिकन. फलटणमध्ये माणसे मराठी कशी बोलतात, जातीजातींत आणि वस्तीवस्तीत बोलणे कसे बदलते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. म्हणजे त्यांनी आधी काय केले, तर ऐकले! ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आले की शेजारच्या वस्तीतली मुले शाळेत जातात, पण त्यांना वाचता येत नाही. त्या मुलांना त्यांनी आपल्या घरी शिकवायला सुरुवात केली. १९७८ साली त्या भारतीय नागरिक झाल्या. पुढे प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि तिची कमला निंबकर बालभवन ही शाळा. या शाळेला ज्यांचे नाव आहे त्या कमलाबाई निंबकरसुद्धा जन्माने अमेरिकन. त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले ते त्यांच्या खटपटीतून. एका परदेशी सुनेच्या नावाची शाळा दुसऱ्या परदेशी बाईने काढावी आणि दोघींनाही फलटणने आपले म्हणावे, यात बरेच काही आले.

आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) फादर हर्मन बाखर हे स्विस धर्मगुरू असेच आयुष्यभर राबले. ते भारतात आले १९४८ साली. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवत येण्याचे पाणलोट विकासाचे काम त्यांनी गावोगाव नेले. परदेशातून पैसा मिळत असूनही पहिली अट असे ती गावाने श्रमदान करण्याची. त्याच्या जोडीला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. गाव स्वतः उठल्याशिवाय बाहेरच्याने उचलायचे नाही, हा त्यातला धडा.

परक्याचा उपयोग

तर मग परका माणूस नेमका कशाला हवा? हा प्रश्न मनात घोळत असताना आनंदवनाची एक आठवण सापडली. आंतरराष्ट्रीय नागरी सेवा ही संघटना पिएर सेरेझोल या स्विस गृहस्थाने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली उभी केली. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावांत एकमेकांच्या शत्रुदेशांतल्या तरुणांनी मिळून बांधकाम करावे, ही मूळ कल्पना. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेझोल स्वतः भारतात येऊन राबले होते. याच संघटनेचे नाना देशांतले तरुण १९५४ साली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात येऊन राहिले आणि त्यांनी तिथे दवाखान्याच्या इमारतीचे काम केले. त्या काळी कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी वरोऱ्यात कोणी घेत नसे. ही परदेशी मुले तीच भाजी खात आहेत, त्याच माणसांबरोबर राहत आहेत, हे गावाने पाहिले आणि मनातली भीती सैल झाली. भाजी विकली जाऊ लागली.

भिंती काय, गवंड्यांनीही बांधल्या असत्या. पण त्यांच्या नुसत्या राहण्या-जेवण्याने जे झाले ते पैशाने झाले नसते. परका माणूस कधीकधी गावाला आपलाच चेहरा नव्याने दाखवतो. मात्र त्यासाठी त्याला त्या गावात जेवावे लागते.

आणि बीडच्या सीमेला लागूनच असलेल्या जामखेडचे उदाहरण तर कोणीही जाऊन पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेतले शिक्षण संपवून १९७० साली तिथे आले आणि त्यांनी गावागावांतल्या, बहुतेक निरक्षर, बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. पुढे देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला येऊ लागले ते शिकवायला नव्हे, तर त्या बायांकडून शिकायला. इंग्रजी शाळेत शिकलेला तरुण लुगडे नेसलेल्या बाईसमोर वही उघडून बसतो, हे दृश्य मला सगळ्या सत्कारांपेक्षा मोठे वाटते.

आईचा सल्ला

एवढे सगळे वाचून, टिपून मी तयार होतो. पुढच्या रविवारी मी मुलीच्या घरी गेलो. तिथूनच तिला फोन लावायचा, कोटणीस सांगायचे, गेलबाई सांगायच्या, असा बेत होता. फोन लागला. मी सुरुवात केली. पाचेक मिनिटे बोललो असेन. पलीकडून "हो गुरुजी, हो गुरुजी" एवढेच येत होते. तिची आई शेजारी बसून ऐकत होती. अखेर तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"तू पान्याला जाती का गं?"

मुलीला कळेना. म्हणाली, "पाणी केंद्रातच येतं आई, टाकी आहे."

"तसं नव्हं. बाया कुठं जात्यात पान्याला?"

"हापशावर. लांब आहे थोडा."

"मंग तितं जा. कळशी घेऊन जा. आम्ही पहिल्यांदा कर्नाटकात गेलो तवा मला कानडी एक अक्षर येत नव्हतं. कोपी पडली रानात, तू पोटात. पानी कुठं मिळतंय ते इचारायचं तर शब्दच न्हाई. हातानं खुणा केल्या. एका म्हातारीनं मला 'नीरू, नीरू' म्हणून हाताला धरून हिरीवर नेलं. तवापास्नं रोज तिच्याबरूबर जायाची. महिन्याभरात भांडायपुरतं कानडी आलं. पान्याला गेलं की भाषा येती. दवाखान्यात बसून न्हाई येत."

मी माझी टिपणवही मिटली.

बत्तीस वर्षे शिकवूनही मला एक गोष्ट कधी सुचली नव्हती. परमुलखात जाऊन रुजण्याचे शास्त्र ज्यांना अवगत आहे अशी माणसे माझ्या गावात घरटी एक तरी आहेत. दरवर्षी सहा सहा महिने ती अनोळखी भाषेच्या, अनोळखी माणसांच्या रानात पाचटाची कोपी उभारतात, चूल मांडतात, आजारी लेकराला औषध मिळवतात. अर्थात दोन्हींत फरक आहे, आणि तो लपवू नये. मुलगी स्वतःच्या मर्जीने गेली. आई उचल फेडायला गेली. मुलीला परतीचे तिकीट होते, आईला हंगाम संपेपर्यंत सुटका नव्हती. एकीच्या जाण्याचे आपण पेढे वाटतो आणि दुसरीच्या जाण्याची नोंद शाळेच्या गैरहजेरीत करतो. पण रुजण्याची विद्या मात्र एकच आहे, आणि ती मुलीला पुस्तकातून नाही, आईकडून मिळायची होती.

मुलगी पाण्याला जाऊ लागली. पहिले दोन दिवस बाया संकोचल्या, मग हसल्या, मग डोक्यावर बादली कशी तोलायची ते शिकवू लागल्या. 'मादझी' म्हणजे पाणी, हा तिचा पहिला पक्का शब्द. 'झिकोमो' म्हणजे आभार. तिथल्या बायांसारखे 'चितेंजे' म्हणजे रंगीत कापड कमरेला गुंडाळून ती जाते. आपल्याकडच्या लुंगीसारखेच, असे तिने आईला फोनवर दाखवले तेव्हा आई पदराआड हसली. हापशावर ओळखी झालेल्या बाया केंद्रात आल्या की आता हिच्या रांगेत उभ्या राहतात. रुग्णांचे नातेवाईक दवाखान्याच्या आवारात चुली मांडून स्वयंपाक करतात, तिथे जाऊन तिने न्सिमा हाताने कालवून खायला शिकून घेतले. जानेवारी-फेब्रुवारीत, नवा मका हाती येण्याआधी, तिथे घरोघरी धान्य संपत येते. त्या दिवसांत लेकरांची वजने घटतात. लेकरू टांगत्या काट्यावर ठेवून आकडा लिहिताना त्या आईला काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, हे हिला कोणी शिकवावे लागले नाही. ते ती सिरसाळ्याहूनच शिकून गेली होती.

आता तिची दोन वर्षे संपत आली आहेत. आणखी एक वर्ष राहाल का, अशी विचारणा झाली आहे. इकडे वडिलांचे गुडघे कामातून गेले आहेत. कोयता हाती धरवत नाही. लग्नाचा विषय तर प्रत्येक फोनमध्ये निघतो. आईचा तो पहिला प्रश्न, "हितं आमचं कुनी पाहायचं", अजून तसाच उभा आहे आणि तो खोटा नाही. परक्यांची सेवा करणाऱ्या प्रत्येकाच्या मागे घरी कोणीतरी वाट पाहत असते, आणि त्या वाट पाहण्याचा सत्कार कधी होत नसतो. सोलापूरच्या त्या घरानेही असाच दरवाजा उघडा ठेवला असेल.

या वेळी मुलीने मला विचारले, तेव्हा मी सल्ला दिला नाही. म्हटले, आईला विचार. आईने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाली, "एकदा घरी ये. म्हैनाभर ऱ्हा. बापाला दवाखान्यात दाखव. मंग तुझं तू ठरव."

येत्या महिन्यात ती येते आहे. परळीला उतरून सिरसाळ्याच्या गाडीत बसेल. तिच्यासाठी काय करू, असे मी तिच्या आईला विचारले, तर म्हणाली, "काही नगं गुरुजी. आमच्या हापशावर मोप बाया हैत. तितंच येऊन सांगंल ती समदं."